पणजीच्या काळातला शब्द कुठून आणायचा

माझे माहेर वर्धा नदीच्या त्या काठाला, कौंडिण्यपूरच्या बाजूला. सासर ह्या काठाला, आर्वी तालुक्यात. शाळेतून रिटायर झाले त्या वर्षी पणजीवर एक दीर्घकथा लिहायला घेतली. काळ १८९९-१९०० चा, मोठ्या दुष्काळाचा. विक्रम संवताचे ते १९५६ वे साल, म्हणून आमच्या घरात त्याला छप्पनचा दुष्काळ म्हणायचे. कथेची सुरुवात मला फार जमल्यासारखी वाटत होती:

"मालगुजाराच्या वाड्याच्या पडवीत कुळे ताटकळत बसली होती. कुळकर्ण्याने चहाचा पेला बाजूला सारला आणि कोळपे गहाण टाकायला आलेल्या म्हाताऱ्याकडे पाहिले."

दिवाळीला माहेरी गेले तेव्हा मोठेबाबांना वाचून दाखवले. वय नव्वदीला टेकलेले, पण कान शाबूत. शेवटपर्यंत ऐकले आणि म्हणाले, "बाई, हे कोन्या गावचं होय? आपल्या गावात मालगुजार कवा होता वं?" मग पानाचा तुकडा तोंडात टाकून, "अन् चाहा? दुस्कायात?"

दोन वाक्यांत इतक्या चुका मी चौथीच्या पोरांच्या निबंधातही पाहिल्या नव्हत्या.

मालगुजार हा सासरचा शब्द. नागपूर, वर्धा, भंडारा, चांदा हा मुलूख मध्यप्रांतात होता. १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाले, १८६१ मध्ये मध्यप्रांत झाला आणि तिथे इंग्रजांनी गावची मालकीच मालगुजाराच्या नावावर लावली. ती थेट १९५१ मध्ये गेली. वऱ्हाड मात्र १८५३ मध्ये निजामाकडून इंग्रजांच्या हाती आला. तिथे मधला मालक नाही, ज्याच्या नावावर खाते त्याच्याकडून सारा. पाटील वसूल करणार आणि पटवारी लिहिणार. १९०३ मध्ये वऱ्हाड मध्यप्रांताला जोडला गेला तरी ही रीत तशीच राहिली. म्हणजे त्या काळी वर्धा नदीच्या एका काठावर मालगुजार आणि दुसऱ्यावर खातेदार. नाव पाण्यातून पलीकडे गेली की शब्द बदलायचे. मालगुजार काढल्यावर 'कुळे'ही गेली, कारण आमच्या गावात ते सगळे कास्तकार. पडवी मी कुठल्याशा कोकणातल्या कथेतून उचललेली. आमच्याकडे वाड्याच्या तोंडाशी ढेलज असते, साध्या घराला सपरी. कुळकर्ण्याच्या जागी पटवारी; तलाठ्याला आमचे जुने लोक आजही पटवारीच म्हणतात. कोळपे पश्चिमेकडले, आमचा डवरा. आणि चहा हा शब्द मराठीत तेव्हा नक्कीच होता, पण शब्द असणे वेगळे आणि छप्पनच्या दुष्काळात खेड्यातल्या पटवाऱ्याच्या हातात पेला असणे वेगळे.

तेव्हापासून प्रत्येक जुन्या शब्दाला मी तीन गोष्टी विचारते: तू कधीचा, कुठचा आणि कोणाच्या तोंडचा? तिन्हीची उत्तरे मिळाल्याशिवाय त्याला कथेत पाट मांडत नाही. आता ही उत्तरे कुठे मिळतात ते सांगते.

वही आधी, कोश नंतर

इंग्रजीत एक कोश आहे. ग्लासगो विद्यापीठातल्या मंडळींनी तो १९६५ मध्ये हाती घेतला आणि २००९ मध्ये छापून बाहेर आला. त्यात शब्द अक्षरांच्या क्रमाने नाहीत, अर्थाने लावले आहेत, आणि एकेका अर्थाखाली हजार वर्षांतले शब्द वर्षासकट उतरंडीसारखे रचले आहेत. लेखकाला आणखी काय पाहिजे? अमक्या साली ह्या वस्तूला लोक काय म्हणत, ते एका पानावर.

मराठीत तसे पान आयते मिळण्याची वाट पाहत बसू नका. सगळ्या भाषेचा कोश करायला त्यांना ४४ वर्षे लागली, पण एका कथेपुरता कोश आपला आपल्याला दोन महिन्यांत करता येतो. मी शाळेतले एक कोरे हजेरीपत्रक आणले होते. पोरांच्या नावांच्या जागी अर्थ लिहिले: नांगरणी, पाऊस, भूक, कर्ज, बाळंतपण, बाजार, भांडण. पुढल्या रकान्यांत आजचा शब्द, पणजीचा शब्द, तो कुठे सापडला आणि कोण बोलेल. पहिल्या आठवड्यात नुसती अर्थांची यादी केली. कोश उघडलाच नाही. हे महत्त्वाचे, कारण कोश आधी उघडला की माणूस पसरत जातो. मी एकदा 'ढ' अक्षरात अख्खी दुपार घालवली आहे आणि कथेत त्यातला एकही शब्द आला नाही.

अर्थ कथेतल्या प्रसंगांवरून काढा. माझ्या कथेत कोणी लढाईला जात नाही, म्हणून ढाल-तलवारीच्या रकान्याला हातच लावला नाही. उलट कापसाला चार पाने लागली. पेरणीच्या तिफनीपासून पऱ्हाटी, बोंड, वेचा, सरकी, सरकी काढायचा रेचा, बोरा, गठाण. शिवाय वाणांची नावे. वऱ्हाडातल्या जुन्या कापसाच्या 'बनी' आणि 'जरी' ह्या दोन जाती इंग्रजांच्या कागदांत पुन्हा पुन्हा येतात. हिंगणघाटच्या बनीचे तर त्यांना भारी कौतुक. 'शेतात कापूस होता' आणि 'शेतात बनी होती' ह्या दोन वाक्यांत किती फरक पडतो पाहा. दुसऱ्या वाक्यात तो माणूस कास्तकार आहे हे वेगळे सांगावे लागत नाही.

दात्यांच्या कोशातले कंस

दाते-कर्व्यांचा महाराष्ट्र शब्दकोश १९३२ ते १९३८ दरम्यान सात खंडांत निघाला आणि १९५० मध्ये पुरवणी आली. तालुक्याच्या वाचनालयात मी तो पहिल्यांदा हाताळला तेव्हा तिसऱ्या खंडाचा पुठ्ठा वाळवीने खाल्ला होता आणि ग्रंथपाल म्हणाले, "मॅडम, तुम्ही पयल्याच." आता तो फोनवर आहे. शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाई कोशांच्या संकेतस्थळावर दाते, मोल्सवर्थ, वझे आणि तुळपुळे-फेल्डहाउसांचा जुन्या मराठीचा कोश असे सगळे एकाच ठिकाणी शोधता येतात, फुकट. मराठी बृहद्कोश नावाचे संकेतस्थळही आहे, त्यात एक शब्द टाकला की अनेक कोशांतल्या नोंदी समोर येतात. आमच्या गावात टॉवर गच्चीवरच मिळतो, म्हणून माझे कोशवाचन संध्याकाळी पाण्याच्या टाकीला टेकून होते.

दात्यांच्या नोंदीत आपल्या कामाची गोष्ट म्हणजे कंसातली बारीक अक्षरे. (व.) म्हणजे वऱ्हाडी, (ना.) म्हणजे नागपुरी, (खा.) खानदेशी, (गो.) गोमंतकी, (बे.) बेळगावी. कुठचा ह्या प्रश्नाचे उत्तर तिथेच आहे. (व.) दिसला की मी शब्द हजेरीपटात हजर लावते. कंस नसला म्हणजे शब्द आपल्याकडचा नाही असे मात्र नाही. जो सगळीकडे चालतो त्याला कंस कशाला? अर्थानंतर उदाहरणे असतात, त्यांच्या शेवटी ज्ञानेश्वरी, मोरोपंत, जुनी पत्रे असे संदर्भ. त्यावरून शब्द निदान किती जुना ते कळते. आणि नोंदीच्या टोकाला चौकोनी कंसात तो संस्कृतातून आला की फारशीतून.

आता खरी अडचण. आपण शब्द ऐकतो बोलीत आणि कोशात तो बसला आहे पुस्तकी कपडे घालून. शेजारच्या मावशी एकदा सांगत होत्या, "पेंड्या खयात टाकल्या अन् पाणी आलं." मी 'खय' शोधत बसले. कोशाने मला गोव्याला नेले, तिकडे 'खंय' म्हणजे कुठे. दोन दिवसांनी भाजी निवडता निवडता डोक्यात उजेड पडला: खयं म्हणजे खळं! आपण ळ चा य करतो. आभाय, डोया, उनाया, पोया, शाया. म्हणून बोलीतला शब्द कोशात मिळाला नाही तर एवढे करून पाहा. य च्या जागी ळ ठेवा. न च्या जागी ण ठेवा, कारण आपण पानी पितो आणि लोनी कढवतो. सुरुवातीला इ असेल तर वि करून बघा. इहीर विहिरीत सापडते, इस्तो विस्तवात. ये ने सुरू होणारा शब्द कधी वे खाली असतो, कधी ए खाली.

दुसरी अडचण शुद्धलेखनाची. आपण आज लिहितो ते नियम १९६२ चे. त्याआधी छापलेल्या कोशांत गांव, कांहीं, करणें, तळें, केळें असे अनुस्वार जागोजाग. फोनवर 'गाव' टाकून काही आले नाही तर 'गांव' टाका. माझी भाची एम.ए. झाली आहे, तिला हे माहीत नव्हते आणि ती म्हणाली कोश अपुरा आहे.

आणि उलटा शोध. त्याच संकेतस्थळावर नुसत्या मथळ्याचा शब्द न शोधता पूर्ण मजकुरात शोधण्याची सोय आहे. 'नांगर' मथळ्यात शोधला तर नांगरच मिळतो. मजकुरात शोधला तर ज्या ज्या शब्दाच्या अर्थात नांगर आला आहे ते सगळे रांगेने येतात. त्याचे भाग, त्याच्या मागे चालणारा, त्याने पडलेली रेघ. अर्थावरून शब्दाकडे जायचा हाच रस्ता. हजेरीपत्रक ह्यानेच भरते.

मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश पहिल्यांदा १८३१ मध्ये आणि सुधारून १८५७ मध्ये आला. दुसऱ्या आवृत्तीत साठेक हजार शब्द आहेत. मला त्याचा उपयोग तारखेसाठी होतो. माझी कथा १८९९ ची. शब्द त्या अर्थाने १८५७ च्या पानावर असेल तर 'कधीचा' हा प्रश्न मिटला. पण त्या साहेबाच्या हाताखालचे शास्त्री पुण्या-कोकणाकडले, म्हणून कोकणातली झाडे, मासे, भातशेती त्यात भरघोस आणि आपली ज्वारी-कापूस जरा उपाशी. त्याच्यात सापडले म्हणून आमच्या गावात बोलत होते असे समजू नका. माझी पडवीही अशीच कोकणातून आली होती.

पेटीतला राजीनामा

बाबांच्या पेटीत मोडीतला एक कागद होता. सुट्टीत अमरावतीला मोडी वाचणाऱ्या एका गृहस्थांकडे नेला. त्यांनी मथळा वाचला, "राजीनामा," आणि खाली पणज्याचे नाव. मी हरखून गेले. पणजा नोकरीला होता? कुठे? कारकून? शिपाई? मनात पाच मिनिटांत कथेची नवी प्रकरणे तयार झाली. गृहस्थ माझ्याकडे चष्म्यावरून पाहत म्हणाले, "ताई, नोकरीचा नाही. जमिनीचा."

राजी म्हणजे कबूल, नामा म्हणजे लेख. आपण खुशीने, म्हणजे कागदावर तरी खुशीने, खाते सोडत आहोत असे लिहून द्यायचे तो राजीनामा. आणि नवा माणूस ते खाते घेतो म्हणून लिहून देतो ती कबुलायत. ह्या दोन कागदांत जमीन हात बदलायची. साल होते फसली, म्हणजे सारावसुलीच्या सनाचे, १३०९. आपल्याकडच्या फसलीत ५९० मिळवले की इसवी सन निघतो: १८९९. पणजाने ऐन दुष्काळात शेत सोडले होते आणि घरात हे कोणी कधी बोलले नव्हते.

माझी कथा तिथे बदलली. म्हणून सांगते, जुने शब्द शोधताना अनोळखी शब्दांपेक्षा ओळखीच्या शब्दांवर जास्त नजर ठेवा. अनोळखी शब्द आपण मुकाट्याने कोशात पाहतो. ओळखीचा शब्द आपल्याला फसवतो, कारण तोंड तेच आणि पोटात दुसरे. जमिनीच्या, कोर्टाच्या, देण्याघेण्याच्या शब्दांसाठी माधवराव पटवर्धन म्हणजे माधव ज्यूलियन यांचा १९२५ चा फारसी-मराठी कोश जवळ ठेवा. वऱ्हाडावर निजामाचा अंमल होता, शब्दांत तो अजून आहे. कास्तकार फारशीतला. मौजा, इजारा, तगाई, जमाबंदी, सगळे तिकडले. यवतमाळकडे गावांच्या नावामागे अजून 'इजारा' लागतो. एच. एच. विल्सनने १८५५ मध्ये महसुलाच्या आणि न्यायालयाच्या शब्दांचा एक मोठा कोश छापला होता, तो इंग्रजीत आहे, पण पाटील, पटवारी, मालगुजार ह्यांची कामे नेमकी काय ते त्यात बारकाईने मिळते.

घरात मोडी कागद असतील तर कृपा करून रद्दीत घालू नका. वाचणारे अजून आहेत, आणि शिकायलाही मोडी वाटते तेवढी अवघड नाही. मला दीड महिन्यात अक्षरे आली, घसट्या हाताचे कागद मात्र अजून दमवतात.

साहेबाचे कान

गॅझेटियर, म्हणजे इंग्रज सरकारने काढलेली मुलुखाच्या माहितीची पुस्तके, वाचा. लायल साहेबाने वऱ्हाडाचे १८७० मध्ये केले, नंतर १९०६ ते १९११ च्या सुमारास जिल्ह्याजिल्ह्याची निघाली. पिके, बाजार, भाव, मजुरी, घरे, जेवण, सगळे एका ठिकाणी. शब्द रोमन लिपीत साहेबाला ऐकू आले तसे लिहिलेले, म्हणून ते तोंडाने दोन-तीन प्रकारे म्हणून पाहावे लागतात. मी गच्चीवर मोठ्याने म्हणत असते, खाली सून हसते.

रसेल आणि हिरालाल ह्यांचे मध्यप्रांतातल्या जातीजमातींवरचे १९१६ चे चार खंडही उपयोगाचे आहेत, पण त्यातून अवजारे घ्या, दागिने घ्या, लग्नातले विधी घ्या; माणसांबद्दलचे शेरे घेऊ नका. अमुक जात आळशी, तमुक लबाड, असे ठोकून दिलेले असते. ते कथेत आणायचेच असेल तर साहेबाच्या पात्राच्या तोंडी घाला, निवेदकाच्या नाही. म्हणींचेही तसेच. जुन्या म्हणींत अर्ध्या बायकांवर आणि अर्ध्या जातींवर आहेत. कोण कोणाला ती म्हण ऐकवतो आहे हे ठरवल्याशिवाय ती लिहू नये.

बोलीच्या लयीसाठी ग्रियर्सनच्या भाषा-पाहणीचा सातवा खंड, १९०५ चा. त्यात बायबलमधली उधळ्या मुलाची एकच गोष्ट वऱ्हाडीत, नागपुरीत आणि मराठीच्या इतर बोलींत करून घेतली आहे. गोष्ट तीच असल्यामुळे ओळीवर ओळ ठेवून पाहता येते की 'त्याला' कुठे 'त्याले' होते आणि क्रियापद कसे वळते. मी ती वऱ्हाडीतली गोष्ट हाताने उतरून काढली. माझ्या पात्रांना त्यानंतर बोलता येऊ लागले.

कोशात नसलेले कोश

माणसांकडे जाताना "जुना शब्द सांगा ना" असे कधी म्हणू नका. मी मावशींना तसे विचारले तर त्या म्हणाल्या, "मास्तरीणबाई, मले कायचे शब्द येते? मी काय शिकली?" दुसऱ्या दिवशी आमच्या जुन्या कोठ्यातले मोडके बंडीचे चाक अंगणात ओढून आणले आणि नुसते विचारले, "हे जुळवायचं कसं?" दोन तास बोलत होत्या. आख, आरे, धाव, तुंबा, जू, शिवळा. मधेच, गाभण गाय बंडीखाली झोपली होती ती हकिकत. हकिकत सोडू नका, शब्द तिच्यातच चिकटलेला असतो.

पोळ्याला बैलांसमोर म्हणतात त्या झडत्या ऐका. "एक नमन गौरा पारबती, हर बोला हर हर महादेव" येईपर्यंत जे म्हणतात त्यात बैलाचा साज, सावकार, सरकार, सगळे येते. फोनवर रेकॉर्ड करा, पण ढोल जवळ नको. जात्यावरच्या ओव्यांचा एक मोठा संग्रह, लाखभर ओव्यांचा, हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी सुरू केलेल्या कामातून जमला आणि आता पारी ह्या संकेतस्थळावर ऐकायला मिळतो. वाचत बसले तर रात्र जाते. फक्त लक्षात ठेवा, त्यातल्या पुष्कळशा पुण्याकडच्या खेड्यांतल्या आहेत. मुळशीच्या बाईचा शब्द मोर्शीच्या बाईला आपसूक बसत नाही.

वाक्प्रचारांतही वस्तू पुरलेल्या असतात. 'पेव फुटले' आपण आज कशालाही म्हणतो, खाजगी क्लासेसना सुद्धा. पेव म्हणजे जमिनीखालचे धान्याचे कोठार. ते उघडताना आतली कोंडलेली हवा आधी जाऊ द्यायची, एकदम उतरलेला माणूस वर येत नाही. माझ्या कथेत दुष्काळात पेव उघडण्याचा प्रसंग आहे. शब्द मला वाक्प्रचारातून मिळाला आणि प्रसंग शब्दातून.

आणि एक मोह. मोर्शी तालुक्यातले रिद्धपूर आमच्या माहेराहून फार लांब नाही. म्हाइंभटांचे लीळाचरित्र तेराव्या शतकातले, तिथल्याच परिसरात घडलेले. आता तिथे मराठी भाषा विद्यापीठही झाले आहे. लीळाचरित्र वाचताना जेवणाला 'आरोगणा', झोपेला 'पहुड', जाण्यायेण्याला 'बीजे करणे' असे शब्द येतात आणि हात शिवशिवतात. मी पणजीच्या सासूला 'आरोगणा' करायला लावली होती. मग खोडली. सहाशे वर्षांपूर्वीचा शब्द, तोही थोरांच्या जेवणाला आदराने वापरायचा, भाकर-ठेचा खाणाऱ्या बाईच्या तोंडी कसा येईल? कथेत एक महानुभावी म्हातारा आहे, त्याला मात्र 'दंडवत प्रणाम' म्हणू दिले. शिवाजी महाराजांच्या काळातल्या राज्यव्यवहारकोशाचेही तसेच. तो मुद्दाम फारशी शब्द काढून संस्कृत घडवण्यासाठी केला होता. त्यातला शब्द दरबारात शोभेल, धुऱ्यावर नाही.

लिहायला बसल्यावर

आधी काय नको ते काढा. १९०० च्या माणसाच्या तोंडी किलो नको, शेर, पासरी, मण, खंडी पाहिजे. रुपयाचे १६ आणे, आण्याच्या १२ पै. नवे पैसे १९५७ मध्ये आले. पायलीचे माप गावागणिक बदले, म्हणून पायलीची बेरीज-वजाबाकी कथेत करूच नका. शेतात सोयाबीन नको, ते आपल्याकडे पसरले गेल्या चाळीसेक वर्षांत. पत्रावर 'दिनांक' नको, तो सावरकरांच्या भाषाशुद्धीच्या काळातला. 'मिती' लिहा नाहीतर 'तारीख'. 'जिल्हाधिकारी' नको, 'कलेक्टर साहेब' चालेल. आणि 'वातावरण तणावपूर्ण होते' हे कुठल्याच काळात नको.

मग घालायचे किती? माझा हिशोब असा: एका परिच्छेदात अनोळखी शब्द एक, फार तर दोन, आणि त्याचा अर्थ शेजारच्या कामातून कळला पाहिजे. 'त्याने डवरा, म्हणजे तण काढायचे अवजार, उचलले' असे लिहिले की कथा तिथे थांबते आणि मी शाळेत परत जाते. 'पऱ्हाटीच्या दोन ओळींतून डवरा फिरला आणि मागे तण उलथे पडले' म्हटले की मुंबईच्या वाचकालाही पुरते. तळटीप मी देत नाही. निवेदन प्रमाण मराठीत आणि बोलणे वऱ्हाडीत, असे मी ठरवले. कोणी सगळेच वऱ्हाडीत लिहिते, तेही चांगले, पण मग अनोळखी शब्दांचा हात आणखी आखडता घ्यावा लागतो.

हजेरीपत्रकात माझे साडेचारशे शब्द भरले. कथेत आले साठ-सत्तर. बाकीचे वाया गेले नाहीत. पणजी काय म्हणणार नाही ते त्यांनीच मला सांगितले.

सुरुवात आता अशी आहे:

"पाटलाच्या ढेलजेत कास्तकार बसले होते. कोणी बोलत नव्हते. पटवाऱ्याने दप्तराची गाठ सोडली आणि राजीनाम्याचा कागद पुढे केला. म्हातारा खांद्यावरचा डवरा खाली ठेवेना."

पूर्ण झाल्यावर दोन वाचक शोधा, एक गावातला आणि एक लांबचा. गावातला चुकीचा शब्द पकडेल, लांबचा न कळलेला. दोघांनाही पेन्सिल द्या आणि अडखळले तिथे नुसती खूण करायला सांगा, मत विचारू नका. मोठेबाबांनी ह्या खेपेला सगळे ऐकले आणि एकाच ठिकाणी हात वर केला: दुष्काळातला बैल "धावत" गेला असे मी लिहिले होते. "धावन कुठून? त्याच्या आंगात काय होतं?" त्या जागी 'ओढत' आले.

पुण्याच्या भाच्याने सात खुणा केल्या. त्यातली एक ह्या वाक्यावर होती: "त्याने बैलाला तुतारी टोचली." समासात त्याने प्रश्नचिन्ह काढून लिहिले होते, मावशी, लग्नात वाजवतात ती? मी वाक्य बदलून "तुतारीची आर बैलाच्या पुठ्ठ्यात टोचली" असे केले. तुतारी काढली नाही.